कडेवर कोणी नसताना

५ ऑक्टोबर

हेलनबाईंनी आज मला ही वही दिली. वही कसली, बियाण्यांच्या दुकानातून त्यांना कधीकाळी मिळालेली जुनी डायरी आहे. वार जुळत नाहीत म्हणून मी ते खोडून टाकते. "काम सुरू करतेयस ना, मग मनात साचेल तेव्हा लिहीत जा," म्हणाल्या. त्या अडतीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. साधं बोलल्या तरी गृहपाठ दिल्यासारखं वाटतं.

काम असं. दिवाळी झाली की आमची निम्मी वाडी ऊस तोडायला काष्टीकडे जाते ती उन्हाळ्यातच परतते. आईबापांबरोबर पोरंही जातात, शाळेच्या हजेरीत नावं तेवढी मागं राहतात. मी स्वतः लहानपणी सहा हंगाम अशीच गेले. पहिलीत तीनदा बसले तेव्हा कुठं दुसरी दिसली. यंदा शाळेच्या वयाचं एकही पोर वाडीतून हलू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

चर्चच्या मागं एक लांबट खोली आहे. तिथं पूर्वी रविवारी मुलांची शाळा भरायची. ती हेलनबाईंनी मिळवून दिली. ज्या पोरांना इथं आजी-आजोबा नाहीत ती त्या खोलीत राहतील. जेवणाला घरटी एक भाकरी. भाकऱ्यांची टोपली फिरवायचं काम हेलनबाईंचा भाचा गिदोन करणार. त्याचा टेम्पो आहे आणि तोंडात जीभही आहे, त्यामुळे टोपली भरेल.

आईला सांगितलं. तिनं बावीस हंगाम ऊस तोडला, आता मणक्यानं तिला घरी बसवलंय. ऐकून तिनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. मग म्हणाली, "पोरं ठिवून घेनं म्हंजी भांडी ठिवून घेनं न्हाई, दिपे."

आईला कुठल्याच गोष्टीचा उत्साह नसतो.

११ ऑक्टोबर

घरोघरी फिरले. एकवीस नावं झाली. सगळ्यात चिवट निघाल्या मालनबाई. त्यांची सुकन्या नऊ वर्षांची, चौथीत, अक्षर मोत्यासारखं. मागच्या वर्षी काष्टीला गेली आणि आल्यावर ती वाचताना अडखळायला लागली. मी वही काढून त्यांना तिचे दोन्ही वर्षांचे गुण दाखवले.

मालनबाई म्हणाल्या, "दिसतंय मला. पन मी फडात, ह्यो फडात. शंभूला कोन घेईल?"

शंभू म्हणजे सुकन्याचा भाऊ, नऊ महिन्यांचा. तेव्हाही तो सुकन्याच्या कडेवरच होता.

मी म्हटलं, "शंभूची आई तुम्ही आहात, सुकन्या नाही."

त्यांनी शंभूचं नाक पदरानं पुसलं. मग "बरं" म्हणाल्या. मला माझ्या उत्तराचा फार आनंद झाला होता. येताना गिदोन म्हणाला, "उत्तर भारी होतं तुझं. पण त्यांनी प्रश्न विचारला होता."

गिदोनला सगळ्यात खोट काढायची सवय आहे. तो सात वर्षांचा असल्यापासून नगरच्या बोर्डिंगात वाढला. म्हणतो, मागं ठेवलेल्या पोराला शाळा दिसत नाही, रस्ता दिसतो. मी म्हटलं, मला रस्ताच दिसला, शाळा दिसली नाही, त्याचं काय? 

२७ ऑक्टोबर

टोळी गेली. सकाळी धुकं होतं. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, दोन शेळ्या, एक खुराडं आणि त्यावर माणसं. ट्रॅक्टरपुढं नारळ फुटला. बायकांनी दारांना कुलपं लावून उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि किल्ल्या आईच्या हातात दिल्या. दरवर्षीचं आहे हे. आई घरी बसल्यापासून अकरा घरांच्या किल्ल्या आमच्या खुंटीवर असतात. वारं आलं की किणकिणतात, तेव्हा कुणीतरी दार उघडून आत आलंय असं वाटतं.

सुकन्यानं शंभूला ट्रॉलीत वर दिलं तेव्हा त्यानं तिची वेणी सोडली नाही. मालनबाईंनी एकेक बोट उकललं. ट्रॅक्टर धुक्यात गेला, मग नुसता आवाज राहिला, मग तोही विरघळला. सुकन्या रडली नाही. मला वाटलं, शहाणी पोर आहे.

आई दारातच उभी होती. किल्ल्या हातात घट्ट धरून.

३ नोव्हेंबर

पहिला आठवडा पार पडला. एकवीस पोरं, एकवीस तऱ्हा. शाळेआधी आणि शाळेनंतर मी भाषा आणि परिसर घेते, पाढे हेलनबाई घेतात. मला पाढ्यांचा पहिल्यापासून कंटाळा. पोरं सुरात पाढे म्हणायला लागली की मी काहीतरी काम काढून बाहेर जाते. आज विनाकारण विहिरीवर जाऊन आले.

पोरं माझी नक्कल करतात. "ताई, तुमी उभ्या उभ्या डुलता." गिदोनही म्हणतो. मी रांगेत, बसथांब्यावर, कुठंही उभी राहिले की डाव्या पायावर भार देऊन हळूहळू डुलते म्हणे. मला कधी कळलंच नव्हतं. असते एकेकाची खोड.

सुकन्याचंही तसंच. प्रार्थनेच्या रांगेत ती कायम हलत असते. मी दोनदा दटावलं, "सरळ उभी राहा." मग वाटलं, पोरीच्या अंगात ताल आहे. सव्वीस जानेवारीच्या नाचात तिला पुढं घालायचं ठरवलं. तिला सांगितलं तर नुसती मान हलवली. झोपतानाही दप्तर डाव्या कुशीला घट्ट धरून झोपते. इथं कोण चोरणार आहे तिचं दप्तर?

पहाटे स्वप्न पडलं. उसाच्या फडात शाळा भरली होती. उसाला पांढरे तुरे आलेले, त्यांच्यामधून हिरवा उजेड झिरपत होता, आणि मधेच हवेत एक खिडकी, गजांवर दव. आत कुणी हजेरी घेत होतं. एक नाव पुकारलं. मी 'हजर' म्हटलं, पण नाव माझं नव्हतं. जाग आली तरी तो हिरवा उजेड बराच वेळ डोळ्यांत होता. खरं सांगायचं तर मला त्या स्वप्नातून बाहेर यायचं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. सरकारनं आमच्या वाडीला हंगामी वसतिगृह द्यावं असा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. मला बोलायला सांगितलं. शब्द आपोआप यायला लागले. मी म्हटलं, माझं लहानपण उसात हरवलं, ते शोधायला मी आता मागं जाऊ शकत नाही, पण या पोरांचं हरवू देणार नाही. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. ज्यांनी मला तीनदा पहिलीत बसवलं तेच हे.

आई बायकांत बसली होती. मी 'लहानपण' म्हटलं तेव्हा ती उठून गेली. घरी आले तर चुलीपुढं बसलेली. "मणका दुखला," म्हणाली. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण होतं. पाच मिनिटं बसली असती तर काय बिघडलं असतं? लिहितानाही राग येतोय.

२४ नोव्हेंबर

दुपारी मालनबाईंचा फोन. पोरांना आईबापांचे आवाज ऐकायला मिळावेत म्हणून मी फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते. आजही ठेवला होता.

मालनबाई रडत होत्या. शंभूला रोज लुगड्याच्या पट्टीनं कोपीच्या मेढीला, म्हणजे झोपडीच्या खांबाला, बांधून ठेवतात. काल तो पट्टीतून निसटला. रांगत पाटाच्या काठावर गेला. गुरांसाठी वाढे, उसाचे हिरवे शेंडे, न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं बघितलं तेव्हा त्याचे दोन्ही हात पाण्यात होते. वाचला. "वाचलं बाई लेकरू," त्या परत परत म्हणत होत्या. "सुकी असती तर."

मागं वळून बघितलं तर सुकन्या दारात उभी. हलत नव्हती. पहिल्यांदाच अगदी सरळ उभी होती.

मला पुढं लिहवत नाही. पाटाच्या पाण्याचा आवाज

२५ नोव्हेंबर

सकाळी सुकन्या अंथरुणात नव्हती. दप्तरही नव्हतं. हेलनबाई प्रार्थना करत राहिल्या, मी आणि गिदोन टेम्पो घेऊन निघालो. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. बाभळी पुढं येत होत्या आणि मागं सरकत होत्या. प्रत्येक बाभूळ मला पोर वाटत होती.

ती फाट्यावर सापडली. पाच किलोमीटर चालत आली होती. मोरीच्या कठड्याशेजारी उभी, दप्तर डाव्या कडेवर, उजवा हात दप्तराच्या पाठीवर. थोपटत होती आणि डुलत होती.

"काष्टीची गाडी कवा येती, ताई?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर उभी राहिले.  गिदोन टेम्पोतून उतरला आणि आमच्याकडे बघून हळूच म्हणाला, "दिपाली, तुम्ही दोघी एकसारख्या डुलताय."

मी खाली बघितलं. माझा डावा हात कमरेशी वाकलेला होता. त्यात कोणीही नव्हतं.

तिला परत नेलं नाही. गिदोनला म्हटलं, काष्टीला घे.

२६ नोव्हेंबर, काष्टी

आता लिहिते. सतरा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, वहीलाही सांगणार नव्हते.

मला भाऊ होता. अमृत. मी सात वर्षांची, तो अकरा महिन्यांचा. दिवसभर माझ्या कडेवर. त्याच्या वजनानं मी डावीकडं वाकले होते, बायका हसायच्या. फडाजवळ गावची शाळा होती. रोज सकाळी तिथून पाढे ऐकू यायचे. बे एके बे. एक दिवस तो झोळीत झोपला होता. मी म्हटलं, एवढ्यात येते. जाऊन खिडकीशी उभी राहिले. गजांवर दव होतं, मी ते बोटानं पुसत होते आणि त्यांच्याबरोबर पाढे म्हणत होते. बेचा, तीनचा, चारचा. फार गोड वाटत होतं. परत आले तेव्हा पाटावर माणसं जमली होती.

आई मला एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पुढच्या वर्षीपासून तिनं मला मामाकडं ठेवलं. मला वाटायचं, तिला माझं तोंड बघायचं नसेल.

आणि मी, मी, मालनबाईंना म्हणाले होते, शंभूची आई तुम्ही आहात. सगळ्या वाडीची पोरं मी मोजली, पण त्यांच्या कडेवरची मोजली नाहीत. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर समजलं असतं. मला हे कसं सुचलं नाही?

इथं सगळं तसंच आहे. उसाच्या वाळक्या पाचटाच्या कोप्या, धूर, पांढरे तुरे. आमच्या टोळीत दोन वर्षांखालची सात पोरं आहेत. तीन मेढीला बांधलेली, बाकीची फडाच्या बांधावर. सुकन्या टेम्पोतून उतरली आणि चालत जाऊन शंभूची पट्टी सोडली. त्यानं तिची वेणी धरली.  मालनबाईंनी मला पाणी दिलं.

१ डिसेंबर, काष्टी

पाळणाघर काढायचं. चिंचेखाली जागा आहे, पाटापासून लांब. गिदोननं बांबू आणले, बायकांनी जुनी लुगडी दिली, सात झोळ्या टांगल्या. ज्याचा ऊस आहे त्या बागायतदारानं कूड घालायला तुराट्या दिल्या. ही टोळी महिनाभर इथंच आहे, पुढं हलली की झोळ्या सोडून बरोबर न्यायच्या. सगळं दोन दिवसांत झालं.

फक्त बसणारं माणूस नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. बाई बसली की कोयता मोडला आणि मजुरी बुडाली. गावातल्या दोघींना विचारलं, त्यांनाही रानात कामं आहेत. मालनबाई म्हणाल्या, "सोमवारपातूर कुनी मिळालं तर सुकीला न्या. न्हाई तर ऱ्हाऊ द्या तिला हितंच. मी दोष देनार न्हाई तुमाला."

दोष दिला असता तर बरं झालं असतं. आज सुकन्या सातही झोळ्यांना दोरी बांधून एका हातानं ओढत होती आणि दुसऱ्या हातानं मातीत अक्षरं काढत होती. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. किती दिवस राहील?

मीच का बसत नाही, असं गिदोननं विचारलं नाही, पण विचारल्यासारखं बघितलं. वाडीत वीस पोरं हेलनबाईंच्या एकटीच्या गळ्यात आहेत, हे खरं आहे. आणखी एक खरं आहे. इथं येऊन सहा दिवस झाले, मी शंभूला अजून उचलून घेतलेलं नाही. माझे हात पुढंच होत नाहीत.

संध्याकाळी आईला फोन केला. बाकी काही न सांगता एवढंच म्हटलं, बसायला माणूस मिळत नाही. तिनं "हं" केलं आणि फोन ठेवला.

५ डिसेंबर, काष्टी

सकाळी धुक्यातून एक बाई चालत येताना दिसली. पाठ वाकलेली, हातात पिशवी. मला वाटलं, मी परत त्या स्वप्नात गेले. जवळ आली तर आई. सतरा वर्षांत माझ्या आईनं काष्टीच्या शिवारात पाय ठेवला नव्हता. त्यानंतरचे सगळे हंगाम तिनं दुसऱ्या टोळीतून, दुसऱ्या कारखान्यावर काढले.

"किल्ल्या?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"हेलनबाईंकडं दिल्या. त्या म्हन्ल्या, जा रंगुबाई, कुलपं कुठं पळत न्हाईत."

पिशवीतून तिनं एक लुगडं काढलं. धुऊन घडी घातलेलं, हिरवं, काठ विटलेला. मी ते ओळखलं. अमृतची झोळी त्याच लुगड्याची होती. ती चिंचेखाली गेली, सात झोळ्या बघितल्या, एकीची गाठ सोडून परत बांधली. "अशी बांदायची. निसरत न्हाई," म्हणाली. मग त्या लुगड्याची आठवी झोळी बांधली आणि शंभूला तीत घातलं.

मी म्हटलं, "आई, तुला इथं बसवेल?"

तिनं माझ्याकडं न बघता झोळी हलवली. "बावीस हंगाम काडले, दिवसा लेकराजवळ एक दिस बसले न्हाई. बसू दे आता."

थोड्या वेळानं, अशीच झोळीकडं बघत, म्हणाली, "त्या दिशी तू आपनहून गेली न्हवतीस. मीच म्हन्लं हुतं तुला. जा, पाडं ऐकून ये, मी बगते त्याला. मंग गाडी आली, आन मी मोळी उचलाया गेले."



मला ते आठवत नाही. मला आठवतं ते असं की आईची पाठ माझ्याकडं होती, ती ऊस तोडत होती आणि मी हळूच निसटले. किती वेळा आठवलंय मी ते. पण मी सात वर्षांची होते. आठवण रोज हाताळली की तीही झिजत असेल, बदलत असेल. कुणास ठाऊक. माझ्या आईला खोटं बोलता येत नाही, असं मी आजपर्यंत समजत आले. आज नक्की सांगता येत नाही. तिनं सांगितलं ते खरं असेल तर सतरा वर्षं आम्ही एकाच घरात, एकाच चुलीवर, एकच ओझं दोघींनी वेगवेगळं वाहिलं.

शंभू कुरकुरला. आई म्हणाली, "घे त्याला. माझ्या पाठीला जमत न्हाई उचलाया."

घेतला. जड आहे. डाव्या कडेवर बरोबर बसला, जशी जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. मी डुलायला लागले आणि तो झोपला. मी खूप रडले. आईनं रडू दिलं.

८ डिसेंबर

सुकन्याला घेऊन वाडीत आले. टेम्पोत ती पुढं बसली होती. निघताना शंभूनं वेणी धरली ती तिनं स्वतःच सोडवली आणि आईच्या लुगड्याचा पदर त्याच्या मुठीत दिला. माझ्या आईच्या.

गिदोन म्हणाला, बाकीच्या टोळ्यांतही सांगायला हवं. पारनेरकडची, श्रीगोंद्याची मिळून किती थळं, टोळ्यांचे तळ, असतील? त्याच्या ओळखीची दोन पोरं बोर्डिंगातली आहेत, यायला तयार आहेत. मी म्हटलं, यंदा एक चिंच पुरे. पण मनात मी केव्हाच दुसऱ्या चिंचेखाली जाऊन पोहोचले होते. ग्रामसभेच्या ठरावातही एक ओळ वाढवायची आहे: कडेवरच्या मुलांसाठी सोय.

१४ डिसेंबर

हेलनबाईंचा घसा बसलाय. पाढे मला घ्यावे लागले. खिडकी उघडी ठेवली. 'बे एके बे' सुरू झालं तेव्हा मी बाहेर गेले नाही. चारच्या पाढ्यापर्यंत सगळ्यांबरोबर म्हटलं. पाचचा मी कधी ऐकलाच नव्हता त्या खिडकीतून. तोही म्हटला.

सुकन्या उभी राहून म्हणत होती आणि डुलत होती. एका पोरानं तक्रार केली, "ताई, ही बघा." मी म्हटलं, डुलू दे. मग तोही डुलायला लागला, मग सगळेच. नाचातून तिचं नाव काढून टाकलंय. तिला निबंध वाचायचाय.

दुपारी आईला फोन लावला. मागून पाखरांचा आवाज येत होता आणि कुणीतरी लहान स्वतःशीच बोलत होतं. इकडचं तिकडचं झालं. मग मी धीर करून विचारलं, "आई, खरंच त्या दिवशी तू मला पाठवलं होतंस?"

झोळीच्या दोरीची करकर ऐकू आली.

"हळू बोल," ती म्हणाली. "शंभू निजलाय."